पाणी लागल्याचा गूळ

फत्तेसिंग ‘हो’ म्हणाला आणि दिपमालाच्या जिभेवर गूळ आला.

तोंडात खरं तर काहीच नव्हतं. समोरचा चहा साय धरून कधीचा निवला होता, बिस्किटांच्या बशीला कुणी हात लावला नव्हता. तरी गूळ आला, आणि असातसा नाही. दाढेखाली खडा फुटावा आणि गोडी टाळूपर्यंत चढावी तसा. तिनं आवंढा गिळला. चव हटली नाही. भर सुनावणीत हे काय भलतंच, असं मनाशी म्हणत तिनं पदर सावरला आणि समोर पाहिलं. किराणा दुकानाच्या माडीवरची ही लांबोडकी खोली म्हणजे खान्देश मालमत्ता सल्लागार संघाचं सभागृह. मालमत्ता सल्लागार हे पाटीवरचं नाव. धुळ्यात काय नि जळगावात काय, लोक अजून सरळ दलालच म्हणतात, आणि दलालही घरी गेल्यावर स्वतःला तेच म्हणतात. खिडकीत कूलर धडधडत होता. बाहेर एप्रिलचं ऊन पत्र्यांवर नाचत होतं. टेबलामागे शिस्त समितीचे तिघं बसले होते. मधोमध अध्यक्ष नवलआबा, पिंपळनेरचे, शेतजमिनींचे सौदे करता करता पिकून गेलेले. उजवीकडे जळगावचे जगदीश चौधरी, फ्लॅटवाले. त्यांना संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं होतं आणि ते त्यांना लपवताही येत नव्हतं. डावीकडे ती. टेबलापुढे एका बाजूला तक्रारदार, म्हणजे एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर फत्तेसिंग आणि त्याची बायको बिजलीबाई. दुसऱ्या बाजूला, पायावर पाय टाकून, रतिलालभाऊ. तक्रार त्यांच्यावर होती. दिपमालाला हा धंदा शिकवला तोही त्यांनीच.

जगदीशनं प्रश्नच असा विचारला होता की त्याला दुसरं उत्तर नव्हतं. “घर घ्यायच्या आधी ‘इथं पाणी लागतं’ असं रतिलालभाऊंनी तुम्हाला सांगितलं होतं का? हो की नाही, तेवढंच बोला.” फत्तेसिंगनं बायकोकडं पाहिलं. सातपुड्याच्या पायथ्याचा माणूस. सगळा जन्म धुळे-शिरपूर-चोपडा गाडी हाकण्यात गेला, रस्त्यावरच्या सगळ्या बोल्या तोंडी बसल्या, पण खोटं बोलण्याची बोली तेवढी कुठल्या थांब्यावर चढली नाही. “हो,” तो म्हणाला. “सांगं व्हतं. जागामा पानी वरच लागस, अशे सांगं व्हतं भाऊंनी.” आणि रतिलालभाऊंनी हात पसरले, जणू काही त्यांच्या मालकीचं सत्य साक्षीदारानं परत आणून दिलं. “बघा. मी सांगितलं. त्यांच्याच भाषेत सांगितलं. आता ते म्हणतात सांगितलं नाही. नवलआबा, माझ्यावर हजार आरोप करा, पण रतिलाल खोटं बोलतो असा आरोप आजवर धुळ्यात कुणी केलेला नाही.”

हे मात्र खरं होतं. रतिलालभाऊ खोटं बोलत नसत. हीच तर त्यांची कमाई. कॉलेज संपवून दिपमाला त्यांच्याकडे टायपिंगला लागली तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिला समोर बसवून सांगितलं होतं, “बेटा, या धंद्यात खोटं बोलणारे किड्यामुंग्यांसारखे आले नि गेले. आपण खरंच बोलायचं. फक्त निवडून बोलायचं, तांदूळ निवडतो तसं.” आणि काय निवडायचे! भुसावळला रेल्वेच्या यार्डाला लागून असलेला फ्लॅट त्यांनी ‘इथं घड्याळाची गरज पडत नाही’ म्हणून विकला होता. पुढे भिंत घातलेल्या आंधळ्या गल्लीतलं घर दाखवताना म्हणाले होते, ‘परक्या माणसाची वर्दळ म्हणून नाही.’ विजेच्या मोठ्या तारांखालचा प्लॉट घेणाऱ्याला ते वर बोट करून सांगत, ‘लाइट तर तुमच्या डोक्यावरूनच गेलीय.’ गिऱ्हाईक हसे, रतिलालभाऊ हसत, आणि सौदा होऊन जाई. तेव्हा दिपमालाही हसायची. तिला वाटायचं, कसलं हे डोकं, कसली ही जीभ! घरी जाऊन ती ही वाक्यं आईला सांगायची, तेव्हा आई पोळी लाटता लाटता विचारायची, “मग त्या माणसाचं पुढं काय झालं गं?” आणि दिपमालाला त्याचं उत्तर ठाऊक नसायचं. पुढचं ठाऊक नसणं हाच दलालीतला सुखाचा भाग. स्वतःचं ऑफिस काढल्यावर ती कधी असं बोलली नाही. ठरवून नव्हे, तिच्या जिभेला ते जमायचंच नाही. घराला ओल असली की ओल आहे हेच तोंडातून निघून जायचं आणि गिऱ्हाईक उठून शेजारच्या गाळ्यात, रतिलालभाऊंकडे जायचं. ते तिच्यावर रागवत नसत. म्हणत, “तू खडे काढतेस बेटा, आणि मी तांदूळ.” त्यातला कोण काय टाकून देतो नि काय शिजवतो हे तिनं तेव्हा नीट मनावर घेतलं नव्हतं.

कूलरनं एक गचका खाल्ला आणि पुन्हा सूर धरला. जगदीश कागदावर पेन टेकवून बसले होते. “मग मुद्दा काय उरला?” ते म्हणाले. “घराची जागा ही जुनी वीटभट्टीची खदान. भरलेली. पावसाळ्यात खालून पाणी वर येतं. हे एजंटनं सांगायला पाहिजे होतं. ‘पाणी लागतं’ म्हणजे तेच ना? ते सांगितल्याचं तक्रारदार स्वतः कबूल करतात.” फत्तेसिंग मान खाली घालून ऐकत होता. बोलली ती बिजलीबाई. ठेंगणी, काटक बाई, मांडीवर कापडाचं बोचकं घट्ट धरलेलं. “भाऊ, फरशीमाईन पानी येस. पोळा व्हस नि पानी उपजस. खाटनाखाले इटा लाया, दानास्ले बुरशी ऊनी, भित गुडघापाव्हत काई पडनी. आम्ही काय पानी मांगं व्हतं का फरशीमाईन? आम्हले कोन्ही सांगं नई. इतलंच लिखा. दुसरं काही नको.” इतलंच लिखा. ‘सांगं नई’ या दोन शब्दांवर सगळं अडलेलं होतं, आणि ते खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. घराचा जुना मालक सुरतेला असतो. त्यानं नवलआबांना फोनवर शब्द दिला होता की रतिलालला मी सगळं सांगून ठेवलं होतं; दलालानं पुढं सांगितलं नाही असं तुमच्या समितीनं ठरवलं तर माझं घर मी परत घेतो, सांगितलं असं ठरवलं तर मग मात्र माझा दरवाजा वाजवू नका. म्हणजे समितीनं ‘सांगितलं’ लिहिलं की या दोघांनी उरलेला जन्म त्या खदानीवर, विटांवर चढवलेल्या खाटेवर काढायचा. नोकरी संपल्यावर हातात आलं ते सगळं त्या फरशीखाली गेलं होतं. आणि ‘नाही सांगितलं’ लिहिलं की रतिलालभाऊंची पाटी उतरणार. संघाला नियम करून फार काळ झाला नव्हता. खोड लपवली तर सदस्यत्व निलंबित, आणि नोंदणी रद्द करण्याची शिफारस सरकारी प्राधिकरणाकडे. नियम झाला तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या रतिलालभाऊंनीच वाजवल्या होत्या.

गूळ अजून होताच जिभेवर. दिपमालाला आता त्याचा रागच यायला लागला. मग तिनं तो राग सोडला आणि चवीच्या मागं मागं गेली, कारण पुढं बसलेल्या माणसांकडं पाहवत नव्हतं. पानी लागस. लागनं. पाचोऱ्याच्या बाजूला त्यांचं शेत होतं, आणि त्या शेतात बाप विहीर खणत होता. उन्हाळाभर खणत होता. वर मुरूम, खाली मांजऱ्या खडक, त्याखाली काळा पाषाण, सुरुंगाचे आवाज, आणि दर संध्याकाळी बापाचं मुकं जेवण. ती लहान, काठावर बसून खाली वाकायची आणि आईची बोलणी खायची. आणि एके दिवशी खालून, अंधारातून, बापाचा नव्हे तर कुणा जनावराचा वाटावा असा आवाज आला: “लागनंऽऽ! पानी लागनं!” हा शब्द तिनं त्याआधी कधी असा ऐकला नव्हता. शेजारच्या बांधावरचे लोक धावले. ज्याच्याशी बांधावरून हाणामारी झालेली तो झुलालकाकाही धावला, आणि दोरीला हात लावून बादली ओढू लागला. पहिली बादली वर आली ती गढूळ, राखाडी, तळाशी चिखल. त्या चिखलाला सगळ्यांनी हात लावून कपाळाला लावला. आणि आईनं गुळाची ढेप आणली, दगडावर फोडली, प्रत्येकाच्या हातावर खडा ठेवला. झुलालकाकाच्या हातावर आधी. पाणी लागल्याचा गूळ वैऱ्यालाही द्यावा, असं आई म्हणाली होती, आणि तोही नाही म्हणू शकत नाही. दिपमालाच्या हातावरच्या खड्याला तोच चिखल लागला होता. दाताखाली कचकच आली तरी तिनं थुंकला नाही. पुढं कितीतरी पेढे, कितीतरी जिलब्या झाल्या, तिच्या ऑफिसच्या उद्घाटनाची मिठाई झाली, पण गोड म्हटलं की तिला ती कचकच आठवायची. ‘पाणी लागतं’ हे शब्द जगदीशच्या फ्लॅटांच्या जगात ओल, गळती, तक्रार असे असतील. पण पायथ्याच्या कोरड्या गावातला माणूस ते ऐकतो तेव्हा त्याला विहिरीच्या तळातून बाप ओरडताना ऐकू येतो. हे रतिलालभाऊंना माहीत नव्हतं? त्यांच्या जिभेला प्रत्येक गिऱ्हाइकाचा कान माहीत असतो. हा शब्द त्यांनी निवडला होता.

पण हे ती सिद्ध कसं करणार? निवडलेल्या शब्दाला साक्षीदार नसतो. “त्यांना वाटलं की बोअरला पाणी लागतं,” असं ती म्हणाली असती, तर रतिलालभाऊ म्हणाले असते, “त्यांना काय वाटलं ते मला कसं कळणार? मी काय त्यांच्या डोक्यात बसलो होतो?” आणि तेही खरंच असतं. अंगावरून पाल गेल्यासारखं तिला झालं. एवढी वर्षं जिचं कौतुक केलं ती जीभ तिला पहिल्यांदा उघडी दिसत होती, आणि ती किती गुळगुळीत आहे हेही दिसत होतं. “ताई,” फत्तेसिंग अचानक तिच्याकडं पाहून म्हणाला, कदाचित ती एकटीच आपल्याकडं पाहतेय असं त्याला वाटलं असेल, “मन्ही बाईनी जनमभर डोकावर पानी वाही. गावमा सात जागा बोर करा, धूळच ऊडनी. भाऊ बोलनात पानी वरच लागस, मंग मी दुसरी जागा दखीच नई. म्हनं, आते इन्हा डोकावरना हंडा उतरी जाई.” जगदीशनं घड्याळ पाहिलं. “भावना समजतात,” ते म्हणाले, आणि त्यांना खरोखर समजत होत्या, म्हणूनच त्यांना लवकर उरकायचं होतं. “पण निष्कर्ष भावनेवर लिहिता येत नाही. नवलआबा, मी लिहितो: ‘एजंटनं वस्तुस्थिती कळवली होती...’”

बिजलीबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि मांडीवरचं बोचकं सैल केलं, उठायच्या तयारीनं. कूलरचा झोत त्या बोचक्यावरून टेबलाकडं आला. मोहाच्या फुलांचा वास. गच्च, आंबूस, गोड, डोक्यात चढणारा. या दिवसांत पायथ्याच्या गावांत मोह पडतो, बायका पहाटेच फुलं वेचायला जातात. बाई गावाहून परस्पर आली असणार. दिपमाला तशीच थांबली. म्हणजे जिभेवरचा गूळ पाचोऱ्याचा नव्हताच! त्या गुळात चिखल होता, कचकच होती. या गुळात कचकच नाही. या गुळाला मोहाचा वास आहे. दुसराच गूळ आहे हा, दुसऱ्याच दिवसाचा, आणि तो तिनं खाल्लेला आहे.

मग सगळं एकदमच आलं, विहिरीत येतं तसं, चहूबाजूंनी. मागच्या वर्षीचे हेच दिवस, तक्रारअर्जात सौद्याची तारीख होती तीच. तिच्या ऑफिसची काच उघडी, समोरच्या रस्त्यावर चिटपाखरू नाही. दारात एक ठेंगणी बाई उभी, फडक्यात बांधलेला गूळ घेऊन. तेच फडकं, मोहाचं. ओळख ना पाळख. बाई आत आली, तिच्या हातावर खडा ठेवला आणि नुसती हसली. “पानी लागनं, बाई,” म्हणाली. दिपमालाला वाटलं गावाकडे कुठं विहिरीला लागलं असेल. तिनं आनंदानं खडा तोंडात टाकला होता, ‘कुठं लागलं’ हे विचारायच्या आत बाई शेजारच्या गाळ्यात गेली. दोन्ही गाळ्यांच्या मधे काचच. काचेपलीकडं रतिलालभाऊ खुर्चीतून उठले, हात पुढं केला, खडा घेतला. रतिलालभाऊ! ज्यांना डॉक्टरनं साखरेचा कण वर्ज्य केलेला, जे लग्नाच्या पंगतीत बुंदीच्या वाढप्याला लांबूनच हात दाखवून थांबवतात, जे बिनसाखरेचा चहा पिताना तोंड वाकडं करतात. त्यांनी तो खडा उचलला आणि तोंडात टाकला. बाई गेल्यावर दिपमाला काचेच्या दारातून डोकावली होती आणि लाडानं रागवली होती, “भाऊ, साखर! वहिनींना फोन करू का?” तर गालात गूळ फिरवत रतिलालभाऊ म्हणाले होते—

तिला ते वाक्य शब्दन्‌शब्द ऐकू आलं. तिच्या छातीत काहीतरी धडाडलं, सुरुंग उडाल्यावर कोरड्या विहिरीत घुमतं तसं. आणि त्याच्या पाठोपाठ भीतीही आली, तीही खरीच. या माणसानं तिच्या ऑफिसपुढं नारळ फोडला होता. नोंदणीची परीक्षा होती तेव्हा केंद्राबाहेर उन्हात उभा राहिला होता, पोटच्या पोरीसाठी राहावं तसा. तिचे वडील गेले तेव्हा पाचोऱ्यापर्यंत गाडी स्वतः चालवत आला होता. बाजारात उद्या लोक म्हणणार, ज्या ताटात जेवली त्याच ताटात. म्हणोत. ती त्याच्या ताटात जेवली होती खरी, पण या बाईच्या हातचा गूळही तिनं खाल्ला होता, आणि तो गूळ वर्षभर तिच्या जिभेवर वाट बघत बसला होता. पाणी लागल्याचा गूळ खाल्ला की आपण त्या आनंदाचे साक्षीदार होतो. आई त्यासाठीच वाटते तो. हे तिला आत्ता कळलं, आणि कळल्याबरोबर इतकं हलकं वाटलं की हसूच फुटलं.

“थांबा,” ती म्हणाली. “लिहू नका.”

जगदीशचं पेन थांबलं. “दिपमालाताई, काही विचारायचंय का?”

“विचारायचं नाही. सांगायचंय. त्या दिवशी मी तिथं होते.”

जगदीशच्या कपाळाला आठी पडली. “असं कसं? तुम्ही पंच आहात की साक्षीदार? एक काहीतरी व्हा. दोन्ही होता येणार नाही.” ते बरोबर बोलत होते. दिपमाला उठली. समितीवर पहिली बाई म्हणून वर्तमानपत्रात फोटो आला होता तिचा, त्या फोटोतली ती खुर्ची. तिनं ती टेबलाखाली नीट सरकवली, टेबलाला वळसा घातला आणि बिजलीबाईच्या शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसली. इथून नवलआबा वेगळेच दिसत होते, उंच. रतिलालभाऊ मात्र एकदम जवळ आले होते, हात लांबवला तर लागतील इतके. त्यांच्या चेहऱ्यावर अजून कौतुकच होतं. बेटा काय करतेय ते बघू या, असं काहीसं. “आता मी साक्षीदार,” ती म्हणाली. “आणि मला एकच गोष्ट सांगायचीय. सौद्याच्या दिवशी या अक्कांनी गूळ वाटला. मला दिला. रतिलालभाऊंना दिला.”

“गुळाचा इथं काय संबंध?” जगदीश म्हणाले.

पण नवलआबा पुढं झुकले होते. इतका वेळ ते झोपलेत की काय असं वाटत होतं. आता त्यांचे डोळे पोरासारखे लकाकत होते. “तुम्ही फ्लॅटवाले, जगदीशराव. विहिरी विकल्या असत्या तर विचारलं नसतं.” मग ते बिजलीबाईकडं वळले आणि त्यांच्या तोंडातून आपोआप घरची बोली आली. “माय, गूय कसाना व्हता?”

“पानी लागनं म्हनीसन वाटा,” बिजलीबाई म्हणाली, आता हे काय विचारणं झालं अशा आवाजात. “दुसरं कसाले वाटतीन?”

“ऐकलंत?” दिपमाला म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना, विहिरीच्या तळातून यावा तसा येत होता. “यांना खोड सांगितली असती, घरात ओल उपजते असं सांगितलं असतं, तर यांनी गूळ वाटला असता? खोड ऐकून कुणी गूळ वाटतं का, आबा? यांच्या डोक्यात काय होतं हे भाऊंना कसं कळणार, असं भाऊ म्हणतील. पण डोक्यातलं यांनी भाऊंच्या हातावर ठेवलं होतं. भाऊंनी ते खाल्लं. साखर असून खाल्लं. मी रागवले तेव्हा म्हणाले, ‘पाणी लागल्याचा गूळ नाकारू नये, बेटा.’”

रतिलालभाऊंच्या चेहऱ्यावरचं कौतुक जागच्या जागी वाळलं. त्यांनी दिपमालाकडं पाहिलं, आणि त्या नजरेत राग नव्हता, हे तिला पुढं कितीतरी दिवस पुरणार होतं. त्या नजरेत हिशेबी माणसाला अचानक बेरीज दिसावी तसं काहीतरी होतं. नवलआबांनी टेबलावरची टोपी उचलली, डोक्यावर ठेवली आणि सावकाश विचारलं, “रतिलाल, तू खोटं बोलत नाहीस, हे सगळं धुळं जाणतं. मीही जाणतो. तेवढ्यासाठीच विचारतो. खाल्लास का गूळ? आणि बोललास का असं?”

नाही म्हणायला काय जात होतं? काचेपलीकडं दिपमालाशिवाय कुणी नव्हतं. तिच्या शब्दाला त्यांचा शब्द, आणि त्यांचा शब्द बाजारात जड. एक ‘नाही’, आणि जगदीश गाडीला वेळेवर पोचले असते. दिपमालानं खुर्चीची कड घट्ट धरली. आयुष्यभर या माणसानं तांदूळ निवडले होते आणि आता ताटात एकच दाणा उरला होता. तो उचलायचा नाहीतर आयुष्यातलं पहिलं खोटं बोलायचं. तेही कुणासमोर, तर जिच्यापुढं आपण कधी खोटं बोललो नाही म्हणून मिरवलं तिच्यासमोर. रतिलालभाऊंनी रुमाल काढला, तोंड पुसलं, जणू गूळ अजून ओठांना लागलेला होता.

“खाल्ला,” ते म्हणाले. मग रुमालाची घडी घालत, “बोललो.”

दिपमालाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते येऊ दिलं. तिला जिंकल्यासारखं वाटत होतं आणि ते लपवावंसं अजिबात वाटत नव्हतं. जगदीशनं आधीचं वाक्य खोडलं. दोन रेघा मारून, सरळ खोडलं, आणि या वेळी घड्याळाकडं न पाहता नवीन लिहिलं. तेच वाचूनही दाखवलं, स्पष्ट, उभं राहून जाहीर केल्यासारखं: एजंटला खोड माहीत होती; खरेदीदाराचा समज उलटा झाल्याचं त्याला दिसत होतं; तो समज त्यानं राहू दिला; म्हणून खोड सांगितली नाही असं समजण्यात येतं. सदस्यत्व निलंबित. दुकानाच्या पाटीवरून संघाचं नाव उतरवावं. नोंदणी रद्द करण्याची शिफारस प्राधिकरणाकडे. “माझी सही आधी,” जगदीश म्हणाले, आणि पेन नवलआबांपुढं सरकवलं. बिजलीबाई एकटक त्यांच्या तोंडाकडं पाहत होती. एवढ्या जड शब्दांत आपले दोन शब्द कुठं आहेत ते तिला सापडत नव्हतं. नवलआबांना ते कळलं. त्यांनी सही केली, चष्मा काढला आणि तिला सांगितलं, “तुम्हले सांगं नई, माय. लिखी लिधं.” बिजलीबाईनं डोळे मिटले. फत्तेसिंगनं आयुष्यात पहिल्यांदा असेल, चारचौघांत बायकोचा हात धरला.

जिना अरुंद, एका वेळी एकच माणूस उतरेल असा. दिपमाला सगळ्यांच्या आधी उतरली, जवळजवळ धावतच, आणि खालच्या किराणा दुकानातून गुळाची भेली घेतली. दुकानदारानं कागदात बांधायला घेतली तर म्हणाली, “बांधू नका, फोडा.” त्यानं वजनाच्या मापानं फोडली. पहिला खडा तिनं बिजलीबाईच्या हातावर ठेवला. म्हातारीनं तो पाहिला, मग हिच्याकडं पाहिलं. “कसाना गूय, बाई?” आणि दिपमालाला काय झालं कुणास ठाऊक, भर उन्हात, भर रस्त्यात, रिक्षावाले नि उसाचा गुऱ्हाळवाला बघत असताना, तिनं बापासारखा, पोटातून, काठावर ऐकू जाईल असा आवाज काढला: “लागनंऽऽ! पानी लागनं!” बिजलीबाई आधी दचकली आणि मग तोंडाला पदर लावून अशी हसली की बोचकं घसरून मोहाची फुलं पायरीवर सांडली. फत्तेसिंगनं गूळ खाल्ला. जगदीशनं जाता जाता दोन खडे घेतले, एक गाडीत खायला. नवलआबांनी तर फुटलेला चुराही चिमटीनं उचलला.

शेवटी रतिलालभाऊ उतरले. कठड्याला धरून, एकेक पायरी, आणि खालच्या पायरीवर थांबले, कारण पुढं दिपमाला उभी होती आणि तिच्या तळहातावर खडा होता. तिला त्यांची खोडी काढायची नव्हती. आईनं झुलालकाकाच्या हातावर आधी ठेवला होता, एवढंच तिला आठवत होतं. “घ्या भाऊ,” ती म्हणाली.

त्यांनी गुळाकडं पाहिलं. मग तिच्याकडं, मग शेजारी उभ्या असलेल्या बिजलीबाईकडं. त्यांचा हात अर्धा पुढं आला आणि माघारी गेला.

“मला साखर आहे, बेटा,” रतिलालभाऊ म्हणाले. “चालत नाही मला.”

आणि बिजलीबाई, गालात गूळ तसाच ठेवून, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी बोलली, “हाई तवयच सांगानं व्हतं ना, भाऊ!”